मांचू दरबाराच्या परीक्षा, फोंड्याच्या वर्गात

फोंड्यातील एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर यंदाच्या पावसाळ्यात दर शनिवारी संध्याकाळी ‘मांचू राजवटीतील परीक्षा आणि नेमणुका’ (म्हणजे 1644 पासून चीनवर राज्य करणाऱ्या मांचू लोकांची छिंग राजवट) या विषयावर आठ व्याख्यानांचा मराठी अभ्यासवर्ग भरला. 2,000 रुपये शुल्कात काय मिळते आणि काय मिळत नाही, हे पुढच्या तुकडीत नाव नोंदवू इच्छिणाऱ्यांना आधी कळावे, म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. निष्कर्ष सुरुवातीलाच सांगतो. पहिल्या चार व्याख्यानांतला परीक्षांचा भाग रंजक आहे, परंतु थोडी खटपट करणाऱ्याला तो अन्यत्रही वाचायला मिळेल. परीक्षा उत्तीर्ण झालेल्या माणसाला पद कसे मिळे, किती वर्षांनी मिळे आणि मिळाल्यावर तो त्या पदावर कसा टिके, हे सांगणारी सहावी आणि सातवी व्याख्याने मात्र मराठीत सहसा ऐकायला मिळत नाहीत, आणि शुल्क वसूल होते ते त्यांच्यामुळे. नावात ज्यांचा उल्लेख आहे त्या मांचूंच्या वाट्याला एकच घाईचे व्याख्यान आले, ही या वर्गाची सर्वांत मोठी उणीव होय.

वर्गात दोन तऱ्हेची माणसे होती. निम्मी मुले गोवा कर्मचारी निवड आयोगाच्या किंवा लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची तयारी करणारी, आणि उरलेले आमच्यासारखे निवृत्त शिक्षक, वकील, बँकेतले जुने अधिकारी. व्याख्याते इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक असून त्यांचे मराठी सावकाश, घडीव आणि ऐकत राहावे असे आहे. फळ्यावर लिहिण्याची त्यांची सवय आजच्या सरकत्या चित्रफलकांच्या काळात सुखावणारी वाटली, जरी मागच्या रांगेला ते अक्षर दिसत नसे.

पहिले व्याख्यान गोव्यापासून सुरू झाले आणि गोव्यातच फार वेळ रमले. मात्तेओ रिच्ची हा इटालियन जेझुइट 1578 मध्ये गोव्यात उतरला, जुन्या गोव्यातील सेंट पॉल कॉलेजात शिकला व शिकवूही लागला, आणि 1582 मध्ये मकावला गेला. पुढे चीनमधून त्याने परीक्षांनी निवडलेल्या पंडित-अधिकाऱ्यांच्या राज्याचे जे वर्णन युरोपला दिले, त्याचा प्रभाव दीर्घकाळ टिकला. मकाव 1844 पर्यंत गोव्याच्या सरकारच्या अधीन होते, हेही अनेकांना नवे होते. हे सारे खरे आणि ऐकायला गोड आहे. तथापि रिच्ची 1610 मध्ये वारला आणि मांचूंनी बीजिंग घेतले ते 1644 मध्ये. त्याने पाहिलेल्या परीक्षा मांचूंच्या आधीच्या मिंग राजवटीच्या होत्या. स्थानिक श्रोत्यांना आपलेसे करण्यासाठी दहा मिनिटे पुरली असती, तिथे जवळजवळ अर्धे व्याख्यान खर्ची पडले, आणि तोच अर्धा तास पुढे मांचूंच्या व्याख्यानाला कमी पडला.

दुसऱ्या व्याख्यानात परीक्षांची उतरंड नीट मांडली गेली. तालुका, मग प्रांताखालचा जिल्हा, मग प्रांताचा शिक्षणाधिकारी अशा तीन टप्प्यांतून गेलेला उमेदवार शंगयुआन होई. त्याला करांत व शिक्षेत काही सवलती मिळत, परंतु नोकरी मिळत नसे. दर तीन वर्षांनी चांद्र पंचांगाच्या आठव्या महिन्यात प्रांताच्या राजधानीत परीक्षा होई, आणि तिच्यातून ज्युरेन निघत. त्यानंतरच्या वसंतात बीजिंगमध्ये, धार्मिक विधी व समारंभ पाहणाऱ्या मंत्रालयाची परीक्षा आणि तिच्या पाठोपाठ खुद्द बादशहाच्या नावाने राजवाड्यातील परीक्षा होई, आणि त्यातून उतरलेले ते जिनशी. पहिल्या वर्गात तिघेच असत आणि त्यांतला पहिला तो च्वांगयुआन. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वी चीनमध्ये शंगयुआन पदवी असलेले सुमारे 5 लाख लोक होते. उलट 1646 ते 1904 या काळात राजवाड्यातील परीक्षा 112 वेळा झाली आणि जिनशी झाले ते अवघे 26,800 च्या आसपास, म्हणजे वर्षाला सरासरी शंभर. हे दोन आकडे व्याख्यात्यांनी फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले आणि काही क्षण ते बोललेच नाहीत. तयारी करणाऱ्या मुलांच्या रांगेत तेव्हा जी चुळबुळ झाली, ती कुठल्याही भाष्यापेक्षा बोलकी होती.

कोणाला बसता येत नसे, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. स्त्रियांना दार बंद होते. नट, कचेरीतले शिपाई-प्यादे आणि ‘हीन’ ठरवलेल्या धंद्यांतील लोक व त्यांचे वंशज यांना मनाई होती. आईबापांच्या सुतकात, जे 27 महिन्यांचे असे, परीक्षा देता येत नसे. परीक्षा खुली होती, हे आपण ऐकत आलेले वाक्य कितपत खरे, याचा विचार करायला एवढी यादी पुरेशी आहे. त्यात महत्त्वाची भर अशी की प्रांतवार जागा ठरलेल्या होत्या. त्यामुळे विद्येची परंपरा दाट असलेल्या यांगत्सेच्या खोऱ्यातल्या मुलाला आणि नैर्ऋत्येच्या डोंगरी प्रांतातल्या मुलाला एकाच तराजूत तोलले जात नव्हते. 1712 पासून बीजिंगच्या परीक्षेलाही प्रांतवार वाटणी लागू झाली. राखीव जागांवरून इथे तावातावाने बोलणाऱ्यांनी हा भाग ऐकावा असा आहे.

तिसरे सत्र प्रात्यक्षिकाचे होते आणि जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरांत त्याचाच गाजावाजा होता. नानजिंगच्या परीक्षागृहात 20,000 हून अधिक कोठड्या होत्या. प्रत्येकीत जेमतेम एक माणूस बसेल एवढी जागा आणि दोन फळ्या असत. दिवसा एक फळी वर लावून मेज व खालची आसन, रात्री दोन्ही एका पातळीवर आणून अंगाचे मुटकुळे करून झोपायचे. तीन फेऱ्या होत, आणि प्रत्येक फेरीला जेवण, शेगडी, अंथरूण, सगळे बरोबर न्यायचे. ही कोठडी उभी करण्यासाठी आयोजकांनी सभागृहात सुतळ्या बांधल्या होत्या आणि त्यांवर जुन्या साड्या टाकल्या होत्या. पंख्याच्या वाऱ्याने त्या सतत उडत होत्या आणि शेजाऱ्याचा कागद खुशाल दिसत होता. हा प्रकार पुढच्या वेळी गाळला तरी चालेल.

मात्र त्याच सत्राचा दुसरा भाग अतिशय समर्पक होता. आम्ही लिहिलेल्या अर्ध्या पानी निबंधांवरची नावे दुमडून चिकटवली गेली, त्यांना क्रमांक दिले गेले, मग स्वयंसेवकांनी प्रत्येक निबंध लाल शाईत उतरवून काढला, आणखी एकाने मूळ प्रत व नक्कल ताडून पिवळ्या शाईत दुरुस्त्या केल्या, आणि परीक्षकांच्या हाती गेली ती केवळ लाल नक्कल. छिंग राजवटीत नेमके असेच होत असे. उमेदवाराने काळ्या शाईत लिहायचे, नक्कलकारांनी लाल, तपासनिसांनी पिवळ्या. परीक्षकांनी निळ्या आणि मुख्य परीक्षकांनी पुन्हा काळ्या शाईत शेरे द्यायचे, म्हणजे कोणत्या टप्प्यावर कोणाचा हात लागला हे कागदावरच दिसे. हस्ताक्षरावरून माणूस ओळखता येऊ नये यासाठी हजारो नक्कलकार बसवणारे राज्य कसे होते, हे चार वाक्यांत सांगूनही कळले नसते. स्वतःचा निबंध परक्या अक्षरात परत आलेला पाहिल्यावर ते कळते. निबंध अर्थात आठ अंगांच्या साच्यात लिहायचा होता. दोन वाक्यांत विषय ‘फोडायचा’, मग तो पुढे न्यायचा, आणि मधल्या भागात समतोल जोड्यांमागून जोड्या रचायच्या. 1778 मध्ये या निबंधाला 700 अक्षरांची मर्यादा घातली गेली होती. मराठीत तो साचा जमत नाही, ही गोष्ट व्याख्यात्यांनी मोकळेपणाने मान्य केली. ज्याने ओव्या-आर्या रचल्या आहेत अशा एका ज्येष्ठ सहाध्यायांचा निबंध सर्वांत चांगला उतरला, यात नवल नाही. 1757 पासून उमेदवारांना वृत्तबद्ध कविताही करावी लागे, हे ऐकून ते बरेच खूश झाले.

चौथ्या व्याख्यानातल्या गैरव्यवहारांच्या कथा मी आवरत्या घेतो, कारण त्या सांगताना व्याख्यात्यांनीही मोह आवरला नाही आणि वेळ गेला. दोन प्रकरणे मात्र ध्यानात ठेवण्यासारखी आहेत. 1711 मध्ये नानजिंगच्या निकालावरून इतका संताप उसळला की उमेदवारांनी धनाच्या देवाची मूर्तीच कन्फ्यूशियसच्या मंदिरात नेऊन बसवली. मांचू महाराज्यपाल गाली आणि हान (बहुसंख्य चिनी समाजातला) राज्यपाल जांग बोशिंग यांनी एकमेकांवर आरोप केले, आणि कांगशी बादशहाने अखेर आपल्या जातभाईला काढून जांगला ठेवले. दुसरे प्रकरण 1858 चे. बीजिंगमध्ये झालेल्या प्रांतीय पातळीवरच्या परीक्षेत उत्तरपत्रिकांची अदलाबदल उघडकीस आली आणि महासचिव दर्जाच्या बो च्युन या मंगोल ध्वजदलातील (ध्वजदले म्हणजे मांचूंची वंशपरंपरेची लष्करी पथके) मुख्य परीक्षकाचा 1859 मध्ये शिरच्छेद झाला. परीक्षेतल्या गैरप्रकारासाठी इतक्या वरच्या अधिकाऱ्याला देहदंड झाल्याचे दुसरे उदाहरण नाही. नोकऱ्यांच्या भरतीवरून गोव्यात वर्तमानपत्रांचे रकाने भरत असताना ही कथा ऐकणाऱ्या वर्गात काय कुजबूज झाली असेल, ते सांगायला नको. शिक्षेचा धाक पुढे किती वर्षे टिकला, हा त्या मुलांपैकी एकीने विचारलेला प्रश्न व्याख्यात्यांनी हसण्यावारी नेला. त्याला उत्तर मिळायला हवे होते.

पाचवे व्याख्यान मांचूंचे, आणि इथे माझी तक्रार आहे. परक्या, संख्येने अगदी थोड्या असलेल्या राज्यकर्त्यांनी जिंकलेल्या लोकांच्याच परीक्षा दोन वर्षांच्या आत पुन्हा सुरू केल्या, ही या विषयातील सर्वांत विलक्षण घटना. 1645 मध्ये प्रांतीय आणि 1646 मध्ये राजधानीतील परीक्षा झाली, तेव्हा दक्षिणेत युद्ध चालूच होते. 1679 मध्ये कांगशीने खास परीक्षा भरवून मिंग घराण्याशी निष्ठा बाळगणाऱ्या पंडितांना बोलावले आणि 50 जणांना निवडून मिंगचाच इतिहास लिहायला बसवले. एवढ्या धूर्त आणि एवढ्या सभ्य राजकारणावर अख्खा तास बोलता आला असता. आम्हाला त्याची दोन वाक्ये मिळाली.

जे मिळाले ते मात्र नेमके होते. मांचू, मंगोल आणि ध्वजदलातील हान यांना परीक्षेत स्वतंत्र जागा होत्या. लेखी परीक्षेआधी त्यांना धनुर्विद्येची चाचणी द्यावी लागे, कारण घोडा आणि धनुष्य विसरलेला मांचू बादशहांना नको होता. मांचू भाषेतील भाषांतराची वेगळी परीक्षा होती. आणि मुख्य म्हणजे, ध्वजदलातल्या तरुणाला परीक्षेच्या उंबरठ्यावर आयुष्य झिजवण्याची गरजच नव्हती, कारण कचेऱ्यांत मांचू लेखनिक-दुभाष्यांच्या जागा, राजवाड्यातील अंगरक्षकांच्या जागा आणि वंशपरंपरेचे हक्क असे इतर रस्ते त्याच्यासाठी खुले होते. सहाही मंत्रालयांत एक मांचू आणि एक हान असे दोन मंत्री बसत. मुळात प्रत्येक पदच मांचूंसाठी, मंगोलांसाठी, ध्वजदलातल्या हानांसाठी की इतर हानांसाठी, असे आधीच ठरलेले असे. याचा अर्थ हान उमेदवार ज्या शिडीवर चढत होता, तिच्या शेजारी दुसरी, अधिक आखूड शिडी उभी होती आणि हे सर्वांना दिसत होते. परंतु परीक्षेतील मानाच्या पहिल्या तीन जागा ध्वजदलाला न देण्याचा प्रघात होता. 1865 मध्ये छोंगछी हा मंगोल ध्वजदलातील उमेदवार सर्वसामान्य यादीत पहिला आला तेव्हा तो मोडला, आणि पहिल्या जागेबाबत तसा तो एकदाच मोडला. 1872 मध्ये या छोंगछीची मुलगी थोंगझी बादशहाची सम्राज्ञी झाली. पद वाटून घ्यायचे, पण विद्येचा मान हानांकडे राहू द्यायचा, या व्यवस्थेने मांचू राज्य अडीचशेहून अधिक वर्षे टिकायला किती हातभार लावला, हे समजून घ्यायला मी हा वर्ग लावला होता. त्याचे उत्तर मला जुळवून घ्यावे लागले, ते व्याख्यानातून मिळाले नाही.

सहाव्या व्याख्यानापासून मात्र वर्गाचा दर्जा एकदम वर गेला. पदवी आणि पद यांच्यामधले अंतर, हा विषय व्याख्यात्यांच्या खऱ्या आवडीचा असावा. जिनशी झालेल्यांपैकी निवडक हानलिन अकादमीत, म्हणजे दरबारच्या विद्वानांच्या संस्थेत, जात, काही मंत्रालयांत, आणि बरेचसे तालुक्यांचे दंडाधिकारी होत. साम्राज्यात असे सुमारे 1,300 तालुके होते. करवसुली, न्याय, तुरुंग, धान्याची कोठारे, बंधारे आणि खालच्या पातळीवरची परीक्षा, हे सारे एकाच सातव्या श्रेणीतील अधिकाऱ्याकडे असे. आमच्याकडच्या जुन्या मामलेदाराला न्यायाधीश, पोलीस अधिकारी आणि शाळा तपासनीस यांची कामेही नेमून दिली, तर जी त्रेधा उडेल ती त्याची नित्याची स्थिती होती.

हे पद मिळायचे कसे? कार्मिक मंत्रालयात दर महिन्याला रिकाम्या जागांची आणि पात्र माणसांची यादी लागे, आणि कोणाला कोणता तालुका हे चिठ्ठी काढून ठरे. आयुष्यभर निबंध घोटून वर आलेल्या माणसाचे भवितव्य अखेर नळकांड्यातून ओढलेल्या बांबूच्या पट्टीवर होते. वर्गात यावर हशा झाला, पण व्याख्यात्यांनी तो थांबवून कारण सांगितले. मंत्रालयातल्या कोणालाही शब्द टाकता येऊ नये, हा चिठ्ठीमागचा हेतू होता. चिठ्ठी निघाल्यानंतरही नवा दंडाधिकारी बादशहासमोर उभा केला जाई. योंगझेंग बादशहा अशा भेटींनंतर माणसाविषयी स्वतःच्या हाताने शेरे लिहून ठेवत असे.

सगळ्याच जागा चिठ्ठीवर सोडल्या नव्हत्या. योंगझेंगच्याच काळात प्रत्येक तालुक्याला चार निकष लावले गेले: तो हमरस्त्यावर आहे का, तिथे काम फार आहे का, कर थकलेला असतो का, आणि लोक भांडखोर व गुन्हे जास्त आहेत का. चारही किंवा तीन निकष लागू पडणारा तालुका अवघड. तिथे बहुधा प्रांताचा राज्यपाल अनुभवी माणसाचे नाव सुचवी. एखादा निकष लागणारा किंवा एकही न लागणारा सोपा तालुका चिठ्ठीने नवख्याकडे जाई. बदल्यांच्या बाजारात ‘चांगली’ आणि ‘वाईट’ ठिकाणे कोणती हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असते आणि कागदावर कुठेच नसते. तिथे ते चार अक्षरांत अधिकृत यादीवर लिहिलेले होते. हा तक्ता व्याख्यात्यांनी उदाहरणांसह फळ्यावर मांडला, आणि माझ्या मते संपूर्ण अभ्यासवर्गातील ही सर्वोत्तम वीस मिनिटे.

त्याहून अधिक चर्चा झाली ती स्वप्रांत टाळण्याच्या नियमावर. कोणाही अधिकाऱ्याला आपल्या प्रांतात, किंवा शेजारचा प्रांत असला तरी घरापासून 500 लींच्या आत, नेमणूक घेता येत नसे. हे अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास भरते. याचा अर्थ फोंड्याचा माणूस गोव्यात कुठेच नव्हे, तर बेळगाव-कोल्हापूरलाही अधिकारी होऊ शकला नसता. गोव्यात सरकारी नोकरीसाठी 15 वर्षांचे वास्तव्य आणि कोकणीचे ज्ञान मागितले जाते. तिथे नेमके उलट, माणूस परका असणे हीच अट. यावर तयारी करणाऱ्या मुलांत आणि ज्येष्ठांत चांगलाच वाद रंगला. मुलांचे म्हणणे, स्थानिक भाषा न येणारा अधिकारी कसले न्यायदान करणार. ज्येष्ठांचे म्हणणे, सगेसोयरे नसलेला अधिकारीच निदान मोकळेपणाने नाही म्हणू शकतो. व्याख्यात्यांनी दोन्ही बाजूंना पुरावे पुरवले. ग्वांगदोंग आणि फुज्येनच्या उमेदवारांचे दरबारी बोलणे समजत नाही, म्हणून 1728 मध्ये योंगझेंगने त्या प्रांतांत शुद्ध उच्चार शिकवणाऱ्या शाळा काढायला लावल्या होत्या. आणि परप्रांतातून आलेला दंडाधिकारी तीन वर्षांत बदलून जाणारा असल्यामुळे कचेरी खऱ्या अर्थाने चालवत ते स्थानिक कारकून आणि प्यादे, ज्यांना पगार नावापुरता आणि ज्यांचे पोट लोकांकडून घेतलेल्या पैशांवर. त्यांच्यावर वचक ठेवायला दंडाधिकारी स्वतःच्या खिशातून खासगी सल्लागार नेमी. कायदा आणि हिशेब जाणणाऱ्या या सल्लागारांसाठी झेजियांग प्रांतातील शाओशिंग प्रसिद्ध होते. परीक्षेत कायदा आणि हिशेब यांना जेमतेम स्थान होते, हा दुवा व्याख्यात्यांनी इथे जोडला.

पैशाचा हिशेबही त्यांनी लपवला नाही. दंडाधिकाऱ्याचे मूळ वेतन वर्षाला 45 ताएल (चांदीचे एक वजनी माप) चांदी, जे सल्लागारांनाही पुरले नसते. म्हणून 1720 च्या दशकात योंगझेंगने ‘सचोटी जोपासण्याचा’ भत्ता सुरू केला, जो मूळ वेतनाच्या कित्येक पट होता. एवढे करूनही नव्या अधिकाऱ्याला बीजिंगमधून दूरच्या तालुक्यापर्यंत पोहोचण्यासाठी सावकारांकडून कर्ज काढावे लागे, आणि ते फेडण्याची चिंता त्याच्याबरोबरच तालुक्यात दाखल होई.

सातव्या व्याख्यानात ताटकळलेल्यांची कथा आली, आणि ती ऐकताना वर्गात शांतता होती. ज्युरेन होऊन बीजिंगची परीक्षा तीनदा नापास झालेल्यांसाठी अठराव्या शतकात एक ‘मोठी निवड’ सुरू झाली, जिच्यात लेखी काही नसे. उमेदवार गटागटाने उभे राहत आणि त्यांचे रूप व बोलणे पाहून निवड होई. वरच्या वर्गातले दंडाधिकारी, खालच्या वर्गातले शिक्षणखात्यात. पैसे भरून पदव्या व पदे घेण्याचा मार्ग तर कांगशीच्या काळातील युद्धापासूनच रुंदावत गेला होता. ज्युरेन आणि जिनशी या पदव्या विकत मिळत नसत, पण शंगयुआनच्या बरोबरीची पदवी आणि तालुक्याच्या वरचीही पदे मिळत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातल्या ताइपिंग बंडाच्या काळात तिजोरी रिकामी झाली तेव्हा तर प्रांतांनी वर्गणी दिल्यास त्यांच्या परीक्षेच्या जागा वाढवून देण्यात आल्या. परिणामी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रत्येक प्रांताच्या राजधानीत पद मिळण्याची वाट पाहणाऱ्या अधिकाऱ्यांची गर्दी झाली, ज्यांच्याकडे श्रेणी होती, पोशाख होता आणि काम नव्हते. प्रतीक्षा यादीत नाव असूनही नियुक्तिपत्र न आलेला एक तरुण वर्गात होता. त्याने इथे विचारलेला प्रश्न साधा होता: एवढ्या वर्षांत ते लोक खात काय? कोणी शिकवण्या करत, कोणी सल्लागार होत, कोणी घरच्या जमिनीवर जगत, असे उत्तर व्याख्यात्यांनी दिले आणि त्यावर उपदेश जोडला नाही, याबद्दल त्यांचे आभार मानावेत.

ग्वांगजौच्या परीक्षेत पुनःपुन्हा अपयशी ठरलेल्या होंग श्युछ्वानने ताइपिंग बंड उभारले, हे वर्गात तीन वेगवेगळ्या व्याख्यानांत आले. एकदा पुरे होते, विशेषतः नापास झाला म्हणून बंड झाले असा सोपा अर्थ मुलांनी काढू नये म्हणून. बंड मोडणारा त्सेंग ग्वोफान 1838 चा जिनशी होता, तर त्याचा सहकारी त्सो त्सोंगथांग ज्युरेनच्या पुढे कधी गेलाच नाही, तरी महाराज्यपाल झाला. ही जोडी अधिक शिकवणारी आहे आणि तिचा उल्लेखही झाला नाही.

आठवे व्याख्यान शेवटाचे, आणि ते उरकलेले होते. 1900 च्या बॉक्सर उठावातल्या धुमश्चक्रीनंतर बीजिंगचे परीक्षागृह वापरण्यासारखे राहिले नाही, म्हणून 1903 आणि 1904 ची राजधानीची परीक्षा कायफेंगला झाली. ल्यू चुनलिन हा 1904 चा शेवटचा च्वांगयुआन. आणि सप्टेंबर 1905 मध्ये आज्ञापत्राने परीक्षा बंद झाल्या. इंग्रजांनी 1853 च्या कायद्याने हिंदुस्थानच्या मुलकी सेवेसाठी खुली स्पर्धा आणली आणि 1855 मध्ये ती पहिल्यांदा घेतली, या गोष्टीशी चीनचा धागा जोडण्याचा प्रयत्न झाला, पण घड्याळ पुढे गेले होते.

आता व्यवहाराचे. दिलेल्या टिपणांची छपाई फिकी आहे आणि त्यांत एकही नकाशा नाही. 18 प्रांतांचा साधा आराखडा असता तर 500 लींचा नियम डोळ्यांसमोर आला असता. सनावळी व बादशहांचा क्रम मला स्वतः वहीत मांडून घ्यावा लागला. सभागृहात खुर्च्या बऱ्या आहेत, चहा वेळेवर आणि गोड, आणि पावसात वीज गेली तरी व्याख्यान थांबले नाही. चवथीच्या सुट्टीमुळे एक शनिवार बुडाला, तो भरून देण्याऐवजी शेवटची दोन व्याख्याने आखडली गेली, आणि शेवट उरकला गेला त्याचे हेही एक कारण. आयोजकांकडे हे बोलून दाखवल्यावर पुढची तुकडी दिवाळीनंतर ठेवण्याचे त्यांनी सांगितले.

स्पर्धा परीक्षेच्या मुलांना यातून थेट गुण मिळणार नाहीत. तसा दावा जाहिरातीत सूचित केला आहे, तो काढून टाकावा. ज्यांना सरकारी यंत्रणा आतून कशी चालते यात रस आहे, विशेषतः ज्यांनी स्वतः कचेरीत उमेदीची वर्षे काढली आहेत, त्यांनी हा वर्ग जरूर लावावा. सवलतीत निम्मीच व्याख्याने घेण्याची सोय आहे असे कळते. ती घेणार असाल तर दुसरे, तिसरे, सहावे आणि सातवे निवडा. पेडणे किंवा काणकोणहून येणाऱ्यांनी वर्ग रात्री आठच्या पुढे लांबतो हे लक्षात घेऊन परतीच्या बसची चौकशी आधीच करून ठेवावी.